हाकेला ओ

पैठण रस्त्यावरच्या आमच्या बिडकीनला हाळी देणे काही नवे नाही. ह्या बांधावरून हाक जावी, त्या बांधावरून ‘ओ’ यावी, की माणूस निर्धास्त! संगणकांच्या गप्पांतही हाच रिवाज आहे, हे भाच्याने दाखवले तेव्हा मला मोठी मौज वाटली.

१९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन ह्याने ‘आयआरसी’ ही गप्पांची पद्धत काढली. तिची सारी भिस्त मोजक्या आज्ञांवर. ‘निक’ म्हणजे आपले टोपणनाव सांगणे, ‘जॉइन’ म्हणजे गप्पांच्या फडात शिरणे आणि ‘क्विट’ म्हणजे निरोप घेणे. पलीकडचा सर्व्हर पुष्कळदा तीन आकड्यांत उत्तर देतो. ४३३ आले की समजावे, हे नाव दुसऱ्याने आधीच घेतले आहे! २०१३ साली बंद झालेल्या तारेतही शुभेच्छांना असेच आकडे असत. दिवाळीचा आकडा १.

पण माझे मन जडले ते ‘पिंग’वर. आपल्याकडून बराच वेळ काही आले नाही, तर सर्व्हर विचारतो, “पिंग” – आहेस का? आपल्या संगणकाने त्याने दिलेली खूण परत करीत म्हणायचे, “पाँग” – आहे! उत्तर आले नाही, तर तो काही वेळ वाट पाहतो आणि मग संबंध तोडतो. गप्प बसणे हा तेथे गुन्हा नाही. ओ न देणे हा मात्र आहे.

आपली मुले आज पुण्यामुंबईस, परदेशी पांगली आहेत. रोज सांगण्याजोगे काही नसते, हे खरे. पण वाचकहो, नुसते ‘आहे’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?