पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू का होत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही. त्यामुळे इंदापूर तालुक्यातील सणसरसारख्या गावात शाळेच्या संगणक कक्षात दहा वर्षांपूर्वीची यंत्रे असतील, तर ती भंगारात काढावीत की लिनक्सवर चालवावीत, हा प्रश्न उभा राहतो. लिनक्स मोफत मिळते. सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' तर मराठीतही वापरता येते. हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. पण पहिल्या प्रयत्नात ते सुरू झाले नाही, की 'यंत्रच जुने झाले' असा निकाल दिला जातो. तो बहुधा चुकीचा असतो.

संगणकाला वीज मिळाली, की मदरबोर्डवरील चिपमधला बायॉस (नव्या यंत्रांत यूईएफआय) हा प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी तपासतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कवर 'बूट लोडर' शोधतो. बूट लोडर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो आणि पुढचा कारभार कर्नल पाहतो. हे काम कोणाच्या हातात असताना थांबले, ते पडद्यावरून ओळखता येते.

नेहमीचे विंडोजच सुरू झाले, तर पेन ड्राइव्हकडे कोणी पाहिलेच नाही. यंत्र सुरू करताच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. जुन्या यंत्रांत कायमचा बदललेला क्रम पुन्हा पूर्ववत होत असेल आणि तारीखही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. मे महिन्याच्या सुट्टीत बंद राहिलेल्या यंत्रांत हे हमखास आढळते.

पेन ड्राइव्ह निवडूनही 'बूट करण्याजोगे काही नाही' असा संदेश आला, तर तो कसा तयार केला ते विचारावे. अनेकजण उतरवून घेतलेली आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी करतात. जुना बायॉस मात्र फाइली पाहत नाही. तो पहिले ५१२ बाइट वाचतो आणि त्यांच्या शेवटी ५५ व एए हे दोन ठरावीक बाइट आहेत का, ते तपासतो. फाइल कॉपी केल्याने या जागेत काहीच लिहिले जात नाही. त्यासाठी रुफससारखा प्रोग्रॅम वापरावा लागतो. तो पेन ड्राइव्हवरचे सर्व काही पुसतो, तेव्हा त्यावर निकालपत्रके नाहीत ना, हे आधी पाहावे!

साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' ही आणखी एक चौकी आली. ओळखीची डिजिटल सही नसलेला बूट लोडर ती अडवते. उबुंटू आणि डेबियन यांच्याजवळ अशी सही असते, काही लहान आवृत्त्यांजवळ नसते. तेव्हा ती चौकी बंद करावी लागते. डिस्कवर बिटलॉकर असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

लिनक्सचा मेनू दिसला आणि मग पडदा काळा झाला, तर पेन ड्राइव्ह निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. बहुधा कर्नलचे ग्राफिक्स चिपशी जमत नसते. मेनूवर 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, सलग टाइप करावा आणि एफ १० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा टाइप करावा लागतो.