थंड वाळवंटांतील सायकलप्रवास

वाळवंट म्हटलें म्हणजे तापलेली वाळू, उंट आणि खजुरीचीं झाडें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आपल्याच देशाच्या उत्तर टोंकास असें एक वाळवंट आहे कीं, जेथें उन्हाळ्यांतही कित्येकदां रात्रीं पाणी गोठतें. तें म्हणजे लडाख. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिते होतात व पलीकडे केवळ कोरडा वारा पोंचतो. त्यामुळें लेह येथें वर्षाकाठीं सुमारें ४ इंचच पाऊस पडतो. मनालीहून लेहकडे जाणारी सडक या मुलखांतून जाते. उन्हाळ्यांत ती मोकळी झाली म्हणजे देशोदेशींचे सायकलस्वार तिच्यावर दिसूं लागतात. आम्ही कांहीं सोबतीही त्या वाटेनें जाऊन आलों. तींतील सर्चू ते पांग हा सुमारें पाऊणशें किलोमीटरांचा टप्पा फार कठीण. तो कठीण कां, व तो पार कसा पडतो, हें वाचकांस थोडक्यांत सांगावें असा विचार आहे.

पहिली अडचण हवेची. सर्चू सुमारें १४,००० फूट उंचीवर आहे. तेथून नदीकांठानें गेल्यावर ‘गाटा लूप्स’ या नांवाचीं २१ वळणें लागतात व तीं चढतांना उंची सुमारें दीड हजार फुटांनीं वाढते. पुढें नाकी ला ही सुमारें १५,५०० फुटांची खिंड. तेथें चढ संपला असें वाटतें, तोंच सडक खोऱ्यांत उतरते आणि पुन्हां लाचुंग ला या सुमारें १६,६०० फुटांच्या खिंडीकडे चढूं लागते. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. हवेंतील प्राणवायूचा वांटा तोच. परंतु हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासास मिळणारा प्राणवायु कमी. यावर उपाय एकच. अगदीं हलका गिअर लावावा आणि सोबत्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें चालावें. बोलतांना धाप लागली कीं, वेग जास्त झाला असें समजावें.

दुसरी अडचण पाण्याची. कोरड्या हवेंत घाम तत्काळ सुकतो, म्हणून तो आला हेंच कळत नाहीं. शिवाय प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरांतील ओलावा बाहेर पडतो. तहान लागण्याची वाट न पाहतां घोट घोट पाणी घेत जावें लागतें. चढ लागण्यापूर्वींच सर्व बाटल्या भरून घ्याव्या. त्या वळणांपैकीं एका ठिकाणीं वाटसरू पाण्याच्या बाटल्या ठेवून पुढें जातात. मालमोटारीबरोबर अडकून पडलेला एक मदतनीस तेथें तहानेनें मेला, अशी आख्यायिका आहे.

तिसरी अडचण वेळेची. ऊन तापलें म्हणजे दुपारीं वारा सुटतो, व बर्फ वितळून सकाळचा उथळ ओढा दुपारीं फोंफावतो. सूर्य मावळतांच विरळ व कोरडी हवा उष्णता धरून ठेवीत नाहीं आणि थंडी झपाट्यानें वाढते. म्हणून पहांटेस निघालेला प्रवासी दिवसाच्या स्वाधीन होत नाहीं. खिंडीच्या माथ्यावर घामानें ओला झालेला सदरा बदलूनच उतारास लागावें, नाहींतर वाऱ्यानें अंग गारठतें. पांग येथें पोंचल्यावरही उंचीचा प्रताप सुटत नाहीं: तेथें पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतें, आणि प्रेशर कुकरावांचून डाळ शिजतां शिजत नाहीं.

परंतु खरा धोका निराळाच आहे. उंचीमुळें डोकें दुखूं लागलें, अन्न नकोसें झालें, मळमळ सुटली, तर तो विकार समजावा. तो वाढूं लागल्यास ताबडतोब खालीं उतरणें हाच मुख्य उपाय. येथें मात्र पांगच्या मागें लाचुंग ला आणि पुढें त्याहून उंच अशी तांगलांग ला. खालीं उतरावयाचें तरी आधीं वर चढावें लागतें! म्हणून निर्णय सर्चू येथेंच करावा लागतो. आमच्यांतील एका सोबत्याचें डोकें तेथें रात्रभर दुखत होतें. त्यानें तें लपविलें नाहीं, व आम्ही एक दिवस मुक्काम वाढविला. दुसरे दिवशीं त्याला पूर्ण आराम पडला, तेव्हांच पुढें निघालों. आराम न पडता, तर मिळेल त्या वाहनानें केलाँगकडे परतण्याचें ठरलेंच होतें; कारण बसल्या जागीं धाप लागूं लागली किंवा चालतांना तोल जाऊं लागला, म्हणजे प्राणावर बेतलें असें समजावयाचें असतें.

विद्यार्थिमित्रांनो, अशा प्रवासास बळकट पाय हवेत हें खरें. पण बळकट पायांचा तरुणच पुष्कळदां घाई करितो आणि अडचणींत येतो. दुखणें सांगण्यास लाज वाटूं न देणें, आणि सोबत्यासाठीं आपला वेग आवरणें, हीं दोन्हीही सामर्थ्याचींच लक्षणें होत. पालकांसही एक विनंती. मुलानें अशा साहसाची परवानगी मागितली, तर ती एकदम नाकारूं नये. मात्र ‘किती दूर जाशील?’ या प्रश्नाआधीं ‘वेळ आली तर परत फिरशील ना?’ असें त्यास अवश्य विचारावें.