मांजर गेल्यावर उंदीर काय करतो

हवाई विद्यापीठात रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड या संशोधक जोडप्याने उंदरांसाठी एक छोटं गावच वसवलं होतं. मधे मोकळं अंगण, कडेला बोगदे आणि बिळं, आणि आत डोकावता येईल अशी सोय. सगळे उंदीर अंगणात निवांत असताना ते एक मांजर आणून ठेवत. क्षणात अंगण रिकामं. बिळातून उंदरांच्या किंकाळ्या सुरू होत, पण त्या इतक्या उंच पट्टीतल्या की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. थोड्या वेळाने मांजर उचलून नेत.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. मांजर गेलेलं, खाणं अंगणात, वाट मोकळी. तरी उंदीर तासन्‌तास बाहेर येत नाही. मग केव्हातरी बिळाच्या तोंडाशी नाक दिसतं. मिशा थरथरतात. नाक आत जातं. पुन्हा येतं. मग पोट जमिनीला घासत, अंग ताणून लांब करत तो एक पाऊल टाकतो. थबकतो. हुंगतो. आणि काहीच झालेलं नसताना सुसाट मागे पळतो.

मांजर पाहून उंदीर पळाला, ती भीती. मांजर नसताना बिळाच्या तोंडाशी त्याचं जे आत-बाहेर चालतं, ती चिंता. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे आणि न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातले नील मॅकनॉटन यांनी हा फरक फार बारकाईने मांडला. भीती आपल्याला धोक्यापासून लांब नेते. चिंता तेव्हा उठते, जेव्हा जिथे धोका असेल तिथेच आपल्याला जायचं असतं. नोकरी हवी आहे, पण मुलाखतीच्या खोलीत शिरवत नाही. भावाच्या लग्नाला जायचं आहे, पण चार माणसांत बोलायच्या कल्पनेनेच घशाला कोरड पडते. पाय पुढे ओढतो, पोटातला गोळा मागे. मराठीत आपण याला धाकधूक म्हणतो. शब्दातच दोन ठोके आहेत, एक पुढचा, एक मागचा. शास्त्रज्ञांना जे सांगायला जाडजूड पुस्तक लागलं ते आपल्या आज्यांना माहीत होतं असं मी म्हणणार नाही, पण शब्द नेमका सापडला होता खरा.

धाकधूक सगळ्यांनाच होते. काहींच्या बाबतीत मात्र ती थांबतच नाही. रात्री तीनला छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, माणूस दुकानात जायचं सोडतो, मग फोन उचलायचं सोडतो. तो डॉक्टरकडे जातो. एक गोळी होते, दुसरी होते, समुपदेशन होतं. आणि एक दिवस डॉक्टर कागदावर लिहितात की उपचारांना प्रतिसाद नाही. या वाक्याइतकं माणसाला एकटं पाडणारं दुसरं वाक्य मी पाहिलेलं नाही. कारण ऐकणाऱ्याला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की दोष तुझ्यात आहे.

तो दोष माणसात नाही, हे मला ड्युनेडिनच्या गोष्टीवरून पटलं.

ड्युनेडिन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं डोंगरउताराचं गाव. ओटागो विद्यापीठ इथलं. मॅकनॉटन यांची बरीच वर्षं उंदराच्या मेंदूतला एक ताल ऐकण्यात गेली. मेंदूत आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. उंदीर हुंगू लागला, अंदाज घेऊ लागला की तिथल्या पेशी एका लयीत, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा, एकत्र ठोके देतात. या लयीला थीटा म्हणतात. आता आश्चर्य पाहा. चिंतेवरची औषधं रसायन म्हणून एकमेकांची कुणीच लागत नाहीत. काही तासाभरात गुंगी आणणारी, काहींना गुण यायला आठवडे लागतात, काही मुळात आकडीसाठी शोधलेली. पण मेंदूत हा ताल जागवून यातलं कुठलंही औषध दिलं, की ताल थोडा संथ होतो. आणि जी औषधं चिंतेवर चालत नाहीत, त्यांनी तो संथ होत नाही. म्हणजे निसर्गाने एक चाळणीच हाती दिली. नवं औषध त्यातून ओतायचं आणि पाहायचं.

२००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या चाळणीतून भुलीचं एक जुनंच औषध ओतलं. केटामीन. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, या नावावर तो आपुलकीने बोलेल. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं. या भुलीत श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब कोसळत नाही, म्हणून जिथे मोठी यंत्रं नाहीत तिथे याच्याच जिवावर हाडं बसवली गेली, सिझेरियन झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं आहे. त्या केटामीनने उंदरांतला थीटा संथ केला.

ओटागोत मानसोपचाराचे प्राध्यापक असलेले पॉल ग्लू आणि मॅकनॉटन यांनी मग माणसांकडे मोर्चा वळवला. नैराश्यावर केटामीन चालतं हे येल विद्यापीठाच्या २००० सालच्या छोट्या अभ्यासापासून माहीत होतं. पण नैराश्य नाही, निव्वळ चिंताच आहे, आणि तीही कुठल्याच औषधाला न जुमानणारी, अशांचं काय? २०१७ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त बारा. आठवड्याला एक डोस, दर वेळी थोडा वाढवत. बारापैकी दहा जणांना गुण आला. आणि तो तासाभरात आला. ज्यांनी वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन वाट पाहिली, त्यांना तासाभरात. काहींचा तो हलकेपणा आठवडाभर टिकला. पुढच्या अभ्यासात वीस जणांना आठवड्यातून एक-दोनदा कातडीखाली इंजेक्शन देत तीन महिने उपचार चालवले. त्यातल्या अठरा जणांनी सांगितलं की कामात किंवा लोकांत मिसळण्यात फरक पडला.

बारा आणि वीस हे आकडे लहान आहेत, ते मोठे करून वाचू नयेत. इंजेक्शननंतर काही वेळ आपण शरीरापासून सुटून बाजूला उभे आहोत असं वाटतं, रक्तदाब चढतो, म्हणून जवळ नर्स लागते. औषध थांबलं की अनेकांचा त्रास परत आला. आणि हेच केटामीन नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांचं मूत्राशय कायमचं खराब होऊ शकतं. हे घरी करून पाहायचं औषध नाही, अजिबात नाही.

तरीही मॅकनॉटन यांच्या प्रयोगशाळेतलं एक दृश्य मला पुन्हा पुन्हा आठवतं. डोक्यावर विद्युतलहरी टिपणारी टोपी घालून माणूस पडद्यासमोर बसतो. डावा बाण आला तर डावं बटण, उजवा आला तर उजवं. मधेच कधीतरी टिंग वाजतं. वाजलं की दाबू नकोस. टिंग लवकर वाजलं तर थांबणं सोपं, फार उशिरा वाजलं तर बोट दाबून मोकळं झालेलं असतं. पण मधल्या एका क्षणी दाबू आणि थांबू यांचा जोर अगदी सारखा होतो. बोट अधांतरी. नेमक्या त्याच वेळी उजव्या कपाळामागे थीटा लयीच्या लहरींचा छोटा उंचवटा उठतो. चिंतेची औषधं दिली तर हा उंचवटा खाली बसतो. आणि चिंताविकार असलेल्यांत तो इतरांपेक्षा मोठा असतो, असं शबाह शादली, मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं. बिळाच्या तोंडाशी थबकलेला उंदीर आणि बटणावर थबकलेलं बोट. लोक ज्याला मनाचा कमकुवतपणा म्हणून हिणवतात, तो कागदावर रेघेने उमटतो.

आता पैशाचं. केटामीनचं पेटंट केव्हाच संपलेलं आहे, कुपी स्वस्त. महाग आहे ती खुर्ची. रुग्णाने दोन तास बसायची खुर्ची, शेजारची नर्स, मागचा डॉक्टर, आणि हे आठवड्यातून एक-दोनदा. जुन्या औषधावर कुणाची मक्तेदारी नसते, त्यामुळे मोठ्या चाचण्यांवर पैसा लावायला कंपन्या सहसा उत्सुक नसतात. त्यातून वाट काढली गेली तीही विलक्षण. केटामीनच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यातलं एकच रूप वेगळं काढून नाकात मारायचा फवारा झाला आणि २०१९ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मंजुरी मिळाली. नवं औषध, नवी किंमत. आणि खुर्ची सुटली नाही ती नाहीच.

ग्लू दुसऱ्या बाजूने गेले. ऑकलंडच्या डग्लस फार्मास्युटिकल्सने केटामीनची सावकाश विरघळणारी गोळी बनवली. पोटातून गेलेलं औषध आधी यकृतात शिरतं आणि तिथे त्याचं बरंचसं रूप बदलतं. रक्तात ते उसळी मारून न येता झिरपत येतं, त्यामुळे शरीरापासून सुटल्याचा अनुभव फारच कमी होतो. म्हणजे गोळी घरी घेता येण्याची शक्यता. नैराश्याच्या १६८ रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आली. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के पुन्हा आजारी पडले, सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के. ही चाचणी चिंतेवरची नव्हती. चिंतेवर या गोळीची अगदी छोटी चाचपणी झाली आहे आणि गोळी अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. पण एका छोट्या देशातल्या एका कारखान्याने खुर्चीचाच खर्च कापायचं मनावर घेतलं, हे मला फार मोठं वाटतं.

आज रात्री ज्याला झोप नाही, त्याला मात्र २०२४ चा निबंध वाचून काय मिळणार? खाजगी मानसशास्त्रज्ञाची फी न्यूझीलंडमध्ये तासाला दोनशे डॉलर किंवा त्याहून जास्त असते आणि सरकारी रांग लांब असते. २०१८ मध्ये ‘हे आरा ओरांगा’ हा चौकशी अहवाल आला, त्यात अशाच मधल्या लोकांचं दुखणं होतं, रुग्णालयात दाखल करण्याइतके आजारी नाहीत आणि बरेही नाहीत अशांचं. २०१९ च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी १९० कोटी डॉलर ठेवले गेले. त्यातून बऱ्याच जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यांत मानसिक आरोग्यात मदत करणारे हेल्थ इम्प्रूव्हमेंट प्रॅक्टिशनर बसू लागले. भेट फुकट, अर्ध्या तासाची, अनेकदा त्याच दिवशी. १७३७ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही फोन करता येतो किंवा नुसता संदेश पाठवता येतो, प्रशिक्षित समुपदेशक उत्तर देतो, पैसे पडत नाहीत. ज्याला फोनवर बोलण्याचीच धास्ती आहे त्याच्यासाठी तो संदेश म्हणजे केवढी सोय! अँग्झायटी एनझेड या संस्थेची हेल्पलाइन ०८०० २६९ ४३८९. फोनच्या बटणांवर अक्षरं जुळवली तर या आकड्यांतून इंग्रजीतला ‘अँग्झायटी’ शब्दच उमटतो, घाबरलेल्या डोक्याला लक्षात ठेवायला बरा. ‘जस्ट अ थॉट’ या संकेतस्थळावर विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारे अभ्यासक्रम फुकट आहेत. या शिकवण्यात गाभ्याला पुन्हा तो उंदीरच आहे. एका वेळी एक पाऊल, रोज, बिळाबाहेर. उपचार फसले असं म्हणणाऱ्या पुष्कळांना गोळ्या मिळालेल्या असतात, बोलणंही मिळालेलं असतं, पण सोबतीने ते पाऊल टाकून घेणारं कुणी मिळालेलं नसतं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला आधी हेच विचारावं, की मला नक्की काय-काय मिळालं आणि काय राहिलं? डोस पुरेसा होता का, थायरॉइड तपासला का, निदान तरी बरोबर आहे का?

निदानाचा प्रश्न ड्युनेडिनने फार जवळून पाहिला आहे. गावाच्या उत्तरेला सीक्लिफ नावाचं मनोरुग्णालय होतं. लेखिका जॅनेट फ्रेम तिथे होती. जन्म ड्युनेडिनचा, १९२४ चा. विलक्षण बुजरी मुलगी, स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला, विजेचे झटके दोनशेहून जास्त. उपचार लागू पडेनात म्हणून मेंदूवर शस्त्रक्रिया ठरली. ती होण्याआधी तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याची बातमी रुग्णालयाच्या प्रमुखाने वाचली आणि शस्त्रक्रिया रद्द केली. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच. आधीचे उपचार तिला लागू पडणार तरी कसे होते?

ऑकलंडला, वेलिंग्टनला राहणाऱ्या मराठी घरांत यात आणखी एक गाठ असते, शब्दांची. सून नवऱ्याच्या आजारी आईला घेऊन जीपीकडे जाते. आई म्हणते, जीव घाबरा होतो. सून इंग्रजीत सांगते, हिला छातीत काहीतरी होतं. ईसीजी निघतो, तो नीट येतो, दोघी घरी. एशियन फॅमिली सर्व्हिसेसच्या ०८०० ८६२ ३४२ या क्रमांकावर हिंदीत बोलता येतं. शिवाय १९९६ पासून न्यूझीलंडमध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता आहे आणि तिच्या पाचव्या हक्कात, गरज असेल आणि शक्य असेल तिथे, जाणता दुभाषी मिळण्याची तरतूद आहे. तो मागावा लागतो. मग आईला विचारता येतं, जीव घाबरा होतो म्हणजे नेमकं केव्हा? आई जरा थांबते. सुनेसमोर आजवर बोललेली नसते. मग सांगते, तू कामाला गेलीस, दार लावून घेतलंस की.