उन्हाचे पीक

(कर्नाटकातील पावगडा येथील सौर वीज केंद्राची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, शेतात काय पिकते, असे कोणी विचारले तर तुम्ही ज्वारी, कापूस, भुईमूग अशी नावे सांगाल. पण शेतात वीज तयार होते, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का?

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावगडा नावाचा तालुका आहे. हा भाग दुष्काळी आहे. शेतकरी भुईमूग पेरत. पण पाऊस दगा देई आणि पेरलेले बीसुद्धा हाती येत नसे. कामाच्या शोधात कितीतरी लोक गाव सोडून शहरात जात. या गावांत भरपूर होते ते एकच, ते म्हणजे ऊन! पिके जाळणारे हेच ऊन पुढे त्यांच्या उपयोगी पडले.

सरकारने तेथे सौर वीज केंद्र उभारायचे ठरवले. त्यासाठी पाच गावांतील सुमारे १३,००० एकर जमीन लागली. ही जमीन विकत न घेता खंडाने घेतली. त्यामुळे मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली. एकरी वर्षाला २१,००० रुपये खंड ठरला. पाऊस पडो वा न पडो, हे पैसे त्यांना मिळतात. २०१८ साली केंद्राचा पहिला भाग सुरू झाला आणि २०१९ च्या अखेरीस सर्व काम पूर्ण झाले.

या केंद्राची क्षमता २,०५० मेगावॉट आहे. एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. एवढ्या विजेवर दहा वॉटचे एक लाख दिवे लागतात. मग २,०५० मेगावॉटवर किती दिवे लागतील? हिशेब करून पाहा.

ही वीज तयार कशी होते? शेतांत निळसर काळ्या पॅनेलांच्या लांबच लांब रांगा आहेत. प्रत्येक पॅनेलमध्ये सिलिकॉनचे अनेक सौर घट असतात. सूर्यप्रकाश पडला की घटातील इलेक्ट्रॉन वाहू लागतात. हाच विजेचा प्रवाह. तो एकाच दिशेने वाहतो. पण आपल्या घरातील विजेची दिशा सतत बदलत असते. म्हणून इन्व्हर्टर नावाचे यंत्र त्यात योग्य तो बदल करते. नंतर रोहित्राने विजेचा दाब वाढवतात आणि ती उंच मनोऱ्यांवरील तारांतून दूरवर पाठवतात.

एक गंमत लक्षात ठेवा. पॅनेलला हवा असतो तो प्रकाश, उष्णता नव्हे. पॅनेल फार तापले तर वीज उलट कमी मिळते!

येथे कोळसा जळत नाही, धूर होत नाही. पण अडचणीही आहेत. रात्री वीज तयार होत नाही. धूळ बसली की पॅनेल धुवावे लागतात आणि पाणी तर तेथे आधीच कमी!

सर्वांत मोठी अडचण माणसांची आहे. ज्यांची जमीन होती, त्यांना खंड मिळू लागला. पण जे दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करत, त्यांचे काय? शेती थांबली, तशी त्यांची मजुरीही गेली. मेंढपाळांची चराईची राने कमी झाली. काहींना गवत कापण्याचे, पॅनेल धुण्याचे किंवा राखणीचे काम मिळाले. पण ते सर्वांना पुरले नाही.

मुलांनो, ऊन सर्वांच्या अंगणात सारखेच पडते. त्यापासून वीज कशी करायची, हे माणूस शिकला आहे. तिचा लाभ गावातील प्रत्येक घराला कसा मिळेल, हे शिकणे अजून बाकी आहे. ते काम तुमच्या पिढीचे आहे.

शब्दार्थ
दगा देणे – फसवणे
खंड – जमीन वापरण्याबद्दल मालकाला द्यायची ठरावीक रक्कम
रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र
राखण – पहारा

स्वाध्याय
१. पावगड्याच्या शेतकऱ्यांची जमीन विकत न घेतल्याने त्यांचा कोणता फायदा झाला?
२. इन्व्हर्टर कोणते काम करतो?
३. केंद्रामुळे शेतमजुरांवर कोणता परिणाम झाला? त्यांच्यासाठी काय करता येईल, ते तुमच्या शब्दांत लिहा.