संकलित अल्बम : ऐतिहासिक साधन म्हणून चिकित्सा (जेम्स टेलर यांच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या अल्बमच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :
एखाद्या कवीच्या ‘निवडक कविता’ वर्गात शिकविताना संपादक कोण, निवडीचा निकष कोणता आणि पाठ कोणत्या आवृत्तीतील, हे प्रश्न आपण आवर्जून विचारतो. लोकप्रिय संगीताचा संकलित अल्बम हाताळताना मात्र ही दक्षता सहसा घेतली जात नाही. कलावंताच्या यशस्वी गीतांची ती केवळ बेरीज आहे, असे गृहीत धरले जाते. अमेरिकन गायक-गीतकार जेम्स टेलर यांच्या १९७६ मधील ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या अल्बमच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
टेलर यांचा जन्म १९४८ मध्ये बोस्टन येथे झाला व बालपण नॉर्थ कॅरोलिना राज्यात गेले. त्यांचा पहिला अल्बम १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘ॲपल रेकॉर्ड्स’ या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यानंतर ते ‘वॉर्नर ब्रदर्स’कडे गेले. ‘स्वीट बेबी जेम्स’ (१९७०) या अल्बममधील ‘फायर अँड रेन’ हे गीत बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गिटारच्या साथीने, संयत स्वरात वैयक्तिक अनुभव मांडणाऱ्या ज्या शैलीला पुढे ‘सॉफ्ट रॉक’ असे संबोधले गेले, तिचे ते प्रमुख प्रतिनिधी ठरले. १९७६ च्या अखेरीस वॉर्नरने त्यांची बारा गीते एकत्र प्रकाशित केली. पुढील वर्षी टेलर ‘कोलंबिया’ या कंपनीत दाखल झाले. या संकलनाच्या अमेरिकेतील खपाने कालांतराने एक कोटीचा टप्पा ओलांडला. बहुसंख्य श्रोत्यांना टेलर यांचा परिचय याच अल्बममधून झाला असल्यास नवल नाही.

निवडीचे स्वरूप :
शीर्षकातील ‘हिट्स’ हा शब्द काटेकोरपणे घेता येत नाही. ‘वॉकिंग मॅन’ (१९७४) या गीताला ‘हॉट १००’ यादीत स्थान मिळाले नव्हते, तरी ते येथे आहे. उलटपक्षी, कार्ली सायमन यांच्यासह गायलेले व १९७४ मध्ये पाचव्या क्रमांकावर पोहोचलेले ‘मॉकिंगबर्ड’ येथे नाही. ते गीत सायमन यांच्या अल्बममधील होते व तो अल्बम दुसऱ्या कंपनीचा होता. तसेच बारांपैकी दहा गीते टेलर यांची स्वतःची असली, तरी ‘हॉट १००’ मध्ये प्रथम क्रमांक मिळविणारे एकमेव गीत, ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ (१९७१), कॅरोल किंग यांचे आहे. ‘गायक-गीतकार’ या संज्ञेची व्याप्ती ठरविताना ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

पुनर्ध्वनिमुद्रणाचा प्रश्न :
अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा प्रारंभीच्या दोन गीतांचा आहे. ‘समथिंग इन द वे शी मूव्ह्ज’ व ‘कॅरोलिना इन माय माइंड’ ही गीते मूळची १९६८ च्या अल्बममधील होत. तथापि ॲपलकडील मूळ ध्वनिमुद्रणे वापरण्याची परवानगी मिळण्यात अडचणी आल्याने टेलर यांनी १९७६ मध्ये ती नव्याने ध्वनिमुद्रित केली. यामागे हक्कांची द्विस्तरीय रचना आहे. शब्द व चाल यांचा हक्क वेगळा आणि विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्येही साहित्यकृती व संगीतकृती यांहून ध्वनिमुद्रण स्वतंत्र मानले आहे. त्यामुळे गीत नव्याने गाता आले, जुना ध्वनी मात्र वापरता आला नाही.

येथेच फसगत संभवते. अखेरचे ‘स्टीमरोलर’ वगळता अल्बममधील गीतांचा क्रम स्थूलमानाने कालानुसार आहे. साहजिकच पहिली दोन गीते १९६८ चा आवाज म्हणून ऐकली जातात. प्रत्यक्षात तो आठ वर्षांनंतरचा गायक आहे. मूळ ‘कॅरोलिना’मध्ये पॉल मॅकार्टनी यांचे बास गिटारवादन आहे, तर मूळ अल्बममध्ये गीतांना जोडणारे वाद्यवृंदाचे तुकडे आहेत. संकलनात यांपैकी काहीही नाही. ‘स्टीमरोलर’ हेही १९७० च्या अल्बममधील ध्वनिमुद्रण नसून प्रत्यक्ष कार्यक्रमातील आहे. साठच्या दशकाचा नमुना म्हणून हा अल्बम वर्गात ऐकविणारा अध्यापक विद्यार्थ्यांपुढे नकळत सत्तरच्या दशकाचा पुरावा ठेवतो.

असाच हक्कांचा प्रश्न पुढेही उद्भवला. टेलर यांच्यावरूनच जिचे नाव ठेवले गेले, त्या टेलर स्विफ्ट या गायिकेने २०२१ ते २०२३ या काळात आपले चार अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केले. मात्र त्या नव्या आवृत्त्यांच्या शीर्षकातच तसा स्पष्ट निर्देश होता.

निष्कर्ष :
संकलित अल्बम हे दुय्यम साधन आहे. त्यातील निवड, क्रम व ध्वनी यांवर कलात्मक निर्णयांइतकाच करारांचा व हक्कांचा प्रभाव असतो. म्हणून संशोधनात गीताच्या रचनेचे वर्ष व ध्वनिमुद्रणाचे वर्ष यांची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक आहे. टेलर यांचा १९६८ चा अल्बम २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाला असल्याने दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकवून हा फरक विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देता येतो. पाठचिकित्सेचा पहिला धडा देण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.