फोकस फक्त पापडाएवढा!

बंगळूरच्या लालबागेत गेलात, तर जास्वंदीचं झुडूप शोधाच. सकाळी नुकतंच उमललेलं एखादं फूल निवडा आणि त्याच्या मधोमध बाहेर आलेला लांब दांडा नीट न्याहाळा. दांड्याला चिकटलेले पिवळे ठिपके म्हणजे परागकोश आणि अगदी टोकाला पाच मखमली लाल गोंडे दिसतात ना, ती कुक्षी. पिवळ्या ठिपक्यांवर परागकण असतात. एकेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडासाच मोठा, पण त्याच्या अंगभर काटे! चांगल्या मॅक्रो लेन्सने फोटो काढून तो मोठा केला, की त्या काट्यांची चाहूल लागते.

फुलांचे फोटो काढायला बंगळूरइतकं छान शहर मला दुसरं ठाऊक नाही. याचं मोठं श्रेय जातं गुस्ताव क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला. आधी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या बागा फुलवत होते. 1908 मध्ये ते बंगळूरला आले आणि त्यांनी रस्त्यांवरची झाडं अशी निवडली, की एकाचा बहर ओसरतो तोवर दुसरं फुलायला लागतं. त्यामुळे इथे बारा महिने काही ना काही फुललेलं सापडतंच.

पण जास्वंदीला मॅक्रो लेन्स लावली, की गंमत होते. गोंडे अगदी ठळक येतात आणि त्यांच्याखालचे परागकोश धूसर. परागकोश ठळक करायला जावं, तर गोंडे पुसट! कॅमेरा बिघडलाय का? मुळीच नाही.

फुलाच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाशकिरण चहूकडे पसरत जातात. लेन्स त्यांतले काही गोळा करते आणि पुन्हा एका बिंदूत आणते. तो बिंदू बरोबर सेन्सरवर पडला तर चित्र स्पष्ट येतं. पुढेमागे पडला, तर बिंदूऐवजी फिकट गोल ठिपका उमटतो. आता ही आकडेमोड बघा. सेन्सरवर फुलाची प्रतिमा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी असेल, तर फूल 1 मिलिमीटर पुढे सरकल्यावर किरण भेटण्याची जागा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच हलते. कॅमेऱ्याला ते जाणवतही नाही. मॅक्रो लेन्स मात्र फुलाएवढीच प्रतिमा पाडू शकते. तेव्हा फूल 1 मिलिमीटर सरकलं, की ती जागासुद्धा जवळजवळ 1 मिलिमीटर सरकते. म्हणजे शंभरपट! म्हणून इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा थर पापडाएवढाच पातळ असतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ 8 ला (हा आकडा कशाचा, ते पुढे येईलच) तो भरतो जेमतेम 1 मिलिमीटर.

हा थर जाड करता येतो का? एक प्रयोग करा. जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा. हे पान डोळ्याच्या इतकं जवळ आणा, की अक्षरं पुसट होतील. आता एक डोळा मिटा आणि दुसऱ्याने भोकातून बघा. अक्षरं वाचता येतात! (भोकातून सूर्याकडे मात्र चुकूनही बघायचं नाही.) बारीक भोकातून किरणांचा निमुळता झोतच आत येतो, त्यामुळे पुसट ठिपके लहान होतात. लेन्सच्या आतही असं छिद्र असतं, त्याला म्हणतात अपर्चर. एफचा आकडा त्याचंच माप सांगतो. एफ 2.8 ला ते मोठं असतं आणि थर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एफ 16 ला छिद्र लहान होतं आणि थर जवळजवळ 2 मिलिमीटर.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण अगदी अरुंद वाटेतून जाताना प्रकाश कडेला पसरतो. त्याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे सगळं चित्रच किंचित मऊ पडतं. शिवाय उजेड कमी मिळतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, की फूल डुललंच!

म्हणून जाणकार मंडळी सकाळी, वारा पडलेला असताना येतात. कॅमेरा तिपाईवर ठेवतात, ऑटोफोकस बंद करतात आणि फोकसची रिंग फिरवत बसण्याऐवजी कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवतात. काहीजण असं थोडं थोडं सरकवत वीस-तीस फोटो काढतात. मग संगणक प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून सगळ्यांचा मिळून एक फोटो बनवतो. याला म्हणतात फोकस स्टॅकिंग. ते सुंदर दिसतं, पण फूल जरा जरी हललं तरी सगळी मेहनत वाया जाते.

मला त्याहून आवडते ती एकाच फोटोत साधणारी युक्ती. जास्वंदीचे ते पाच गोंडे साधारण एका पातळीत असतात. कॅमेऱ्याची पाठ त्या पातळीला समांतर धरायची, म्हणजे लेन्स बरोबर दांड्याच्या टोकासमोर येते. कॅमेरा तिरका असेल, तर दोनच गोंडे थरात सापडतात. सरळ धरलात, की पाचही ठळक येतात आणि मागच्या पाकळ्या विरघळून नुसता लाल रंग होतात.