तातडीची दुरुस्ती : आधी टेकू, मग कागद

जुन्या कौलारू घराची तुळई कुजू लागली की ती आधी करकरते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो आवाज बरोबर ओळखू येतो. आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या पावसाळ्यात पुष्कळांनी तो ऐकला असेल. सिमेंट-काँक्रीटच्या चाळी व कर्मचारी-वसाहतीही धोक्याची सूचना देतात. मात्र ती भाषा अजून आपल्या परिचयाची झालेली नाही.

काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. न्हाणीघराची गळती त्यांपर्यंत पोचली म्हणजे त्या गंजतात. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या फुगवट्याने वरचे काँक्रीट सळईच्या रेषेत तडकते व त्याच्या खपल्या पडू लागतात. आमच्या वर्गात अशा खपल्या मुले गोळा करीत, आणि आम्ही शिक्षक मुलांवरच रागावत असू! हातोडीने हलके ठोकले असता निरोगी खांब खणखणीत वाजतो, बिघडलेला पोकळ वाजतो. त्यावर नुसता गिलावा करून रंग दिल्याने रोग झाकला जातो, इतकेच.

मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ, बाबू गेनू मंडईपाशी, महापालिकेच्या मालकीची एक इमारत होती. मंडई खात्याचे कर्मचारी तीत सहकुटुंब राहत. तिचे वय तिशीच्या किंचित पुढे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळीच ती कोसळली व ६१ माणसे मृत्युमुखी पडली. दुरुस्तीची गरज आधीच नोंदली गेली होती. तीस वर्षांवरील इमारतींची तपासणी करून घेण्याचे बंधनही महापालिकेच्याच कायद्यात होते. परंतु मालक तोच, तपासणारा तोच आणि खर्च मंजूर करणाराही तोच. अशा ठिकाणी नोटीस कोणी कोणावर बजावावी?

म्हणून क्रम ध्यानी घेतला पाहिजे. धोक्याच्या तुळईखाली प्रथम लोखंडी टेकू लागला पाहिजे. त्यास निविदेची वाट पाहणे धोक्याचे. हा टेकू एकाच मजल्यावर उभारून भागत नाही. मजल्यामागून मजला, एकाखाली एक, तो थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर सारा भार खालच्या स्लॅबवर येतो. मग गळती थांबवावी, वरचे ओझे उतरवावे, सैल काँक्रीट काढावे, सळई घासून स्वच्छ करावी व झिजली असेल तेथे नवी जोडावी.

खरी अडचण माणसांची आहे. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे तेथेच राहिली. हे पाहिलेला भाडेकरू नोटीस आली तरी उंबरठा सोडीत नाही. त्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे होय. १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींची पुनर्बांधणी निघाली, तेव्हा परत येण्याच्या हक्काचा करार आधी हवा, असा आग्रह रहिवाशांनी धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या.

आपल्याकडील वसाहतींतून अर्ज जातात त्यांत ‘इमारत मोडकळीस आली आहे’ एवढेच असते. त्याऐवजी कोणत्या मजल्यावरील कोणत्या खांबास, कोणत्या तारखेस, किती लांब तडा दिसला, हे लिहावे व पोच घ्यावी. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस सिमेंटने पक्की बसवून शेजारी तारीख घालावी. काच फुटली तर तडा वाढतो आहे असे समजावे, आणि उत्तराची वाट न पाहता त्याच रात्रीपासून घरच्यांची निजण्याची सोय दुसरीकडे करावी.